कापडाखालची बोटं

अमुक कापड चांगलं की टाकाऊ, हे महेश्वरीनं स्वतःच्या नावावर कधी सांगितलं नाही. फोनसमोर बसून ती कापडाची सगळी चिरफाड करायची, आणि शेवटी म्हणायची, "आमच्या ह्यांनी या कापडाला चार बोटं दिली." तेवढं ऐकायला बोरी, पोखर्णी, मानवतच्या बायका तिचा व्हिडिओ शेवटपर्यंत बघायच्या. आणि "आमचे हे" म्हणजे शिवप्रकाश तिच्या मागच्याच खाटेवर पडलेला असायचा. उजवं अंग गेलेलं, वाचा गेलेली, डोळे उघडे आणि नजर कुठंच नाही.

हे मला ठाऊक, कारण व्हिडिओ मीच काढायचे. मी रुख्मिणी. कच्छी बाजाराच्या मागच्या गल्लीत त्यांच्या कापड दुकानाला लागून माझं लेस, बटणं आणि अस्तराचं दुकान आहे. फोन बरा आहे आणि हात थरथरत नाही, एवढ्या भांडवलावर मी कॅमेरावाली झाले. रडारडीचा मला कंटाळा आहे. समोर कुणी मुसमुसायला लागलं की मला आधी रागच येतो आणि तोंडून काहीतरी वाकडं निघतं. माझी आई म्हणायची, रुख्मीच्या जिभेला हाड नाही. ते खरंच आहे. पण महेश्वरीचं सांगताना मी जमेल तितकं सरळ सांगणार आहे.

आधी त्या बोटांचं सांगते. पूर्वी इकडं कापडाचे दलाल यायचे, तेव्हा भाव तोंडानं ठरत नसे. दोघं समोरासमोर बसायचे, हातावर उपरणं टाकायचे आणि खाली एकमेकांची बोटं धरायचे. जितकी बोटं मुठीत धरली तितका आकडा. बाजूला चार माणसं बसलेली असली तरी कुणाला पत्ता लागत नसे. झाकली मूठ सव्वा लाखाची, ती अशी. बैलबाजारातले म्हातारे अजून करतात म्हणे. शिवप्रकाशला ही विद्या त्याच्या आजोबांनी शिकवली होती, आणि ती कुठं वापरायची हे त्याचं त्यानं ठरवलं.

महेश्वरी लग्न होऊन आली तेव्हा तिला बायकांच्या गिऱ्हाइकीसाठी दुकानात बसवलं. सासरे दिवसभर गादीवर. घर लिंगायतांचं, कडक. त्यांच्यादेखत नवराबायकोनं बोलायची सोय नव्हती. मग शिवप्रकाश थान उलगडायचा, एक टोक तिच्या हातात द्यायचा आणि घडीखाली तिची बोटं धरायचा. दोन बोटं म्हणजे माल बेताचा आहे, बाईला फार गळ घालू नको. चार म्हणजे डोळे झाकून दे. नुसती करंगळी धरली की चहा सांग. अंगठा दाबला की काय, ते तिनं मला कधी सांगितलं नाही. मी दहादा विचारलं, आणि दहाही वेळा ती कानापर्यंत लाल झाली. सासरे गेले, दुकान दोघांचं झालं, बोलायला कुणाची आडकाठी उरली नाही, तरी घडीखालचा कारभार तसाच चालू राहिला. संसार असा असावा, असं मला वाटायचं. माझ्या संसारात सगळं तोंडानंच चालायचं, आणि ते गल्लीभर ऐकू जायचं.

गेल्या वर्षी ऐन लग्नसराईत तो दुकानातच कोसळला. मेंदूत रक्ताची गाठ झाली होती. नांदेडला नेलं, बरेच दिवस ठेवलं, जीव वाचला. घरी आणताना डॉक्टरांनी समजावून सांगितलं की माणूस जागा आहे, पण त्याला कळतंय का, हे आज सांगता येत नाही.

घरी त्याची आई, चन्नबसम्मा. ऐंशीकडे झुकलेली, कपाळभर विभूती. रोज सकाळी ती लेकाच्या गळ्यातलं इष्टलिंग काढून त्याच्या डाव्या तळहातावर ठेवायची, आणि त्याची मूठ अलगद मिटायची. म्हातारी मला बोलावून दाखवायची, "बग, रुख्मिण, लिंग सोडत न्हाई माझा शिवा." डॉक्टरांना हे सांगितलं तेव्हा ते म्हणाले होते, तान्ह्या बाळाच्या हातात बोट दिलं तरी ते धरतं, त्यातलाच हा प्रकार असू शकतो. म्हातारीला ते ऐकूच आलं नाही. महेश्वरीला आलं, पण तिनं ते कानाआड केलं.

दुकान बंदच होतं. एक दिवस ती केस मोकळे, पदर खांद्यावर, अशी धावत माझ्याकडं आली. मला वाटलं, संपला.

"अक्का, बोलले!"

"कोण?"

"ह्ये! बोटानं बोलले. तीन बोटं धरली माही!"

मी गिऱ्हाईक सोडून गेले. खाटेवर एक नवी चादर होती. तिनं ती त्याच्या आणि स्वतःच्या हातावर टाकली, कापडाबद्दल विचारलं, थोडा वेळ थांबली आणि तिचा चेहरा उजळला. "तीन. बगा, पुन्हा तीनच." मला दिसलं ते एवढंच की चादर जराशी हलली. मी काय बोलणार? खाली काय चाललंय ते बाहेरच्याला दिसू नये, म्हणूनच तर ती रीत. मी म्हटलं, "चांगलं झालं, बाई." तिच्या तोंडावरचा तो उजेड बघून दुसरं काही बोलायची माझी छाती झाली नाही, आणि खरं सांगायचं तर मलाही ते हवं होतं. शेजारच्या दुकानातून त्याचा आवाज येईनासा झाल्यापासून मला दुपारचा चहा गोड लागत नव्हता.

व्हिडिओची कल्पना माझी. दुकान उघडून बसणं तिला जमेना, तर दुकान गिऱ्हाइकाच्या फोनवर न्यावं. पहिले दोन-चार व्हिडिओ भयंकर झाले. "नमस्कार मैत्रिणींनो, आज आपण बघणार आहोत" असं ती बातम्या दिल्यासारखं बोलायची. मी वैतागून म्हटलं, "तू काय मुंबईची हायस का? गिऱ्हाइकाला सांगतीस तसं सांग की." मग जमलं. कापडाचं टोक भिजवून पांढऱ्या रुमालावर घासायची, रंग सुटतो का बघायची. सूत उकलून पिळायची. उन्हात धरायची. आणि शेवटी मागं वळून नवऱ्याच्या हातावर कापड टाकायची. बायका खाली लिहायच्या, "भाऊजींनी किती दिली?" एका बाईनं तर लिहिलं होतं की भाऊजींनी तीन दिली म्हणून मी साडी परत केली. महेश्वरी ते त्याला वाचून दाखवायची, आणि तो हसला असंही मला सांगायची.

हळूहळू कापडापुरतं असलेलं विचारणं घरात शिरलं. पेज पातळ हवी की घट्ट? पंखा लावू का? आईला चष्मा बदलायचा का? एक बोट म्हणजे हो, दोन म्हणजे नको. घरचा कर्ता पुन्हा कारभार बघायला लागल्यासारखं झालं. संध्याकाळी दिवा लावला की चन्नबसम्मा विचारायची, "आज किती बोटं दिली गं?" आणि सून आकडा सांगायची. म्हातारी मग जेवायला बसायची.

दसऱ्याच्या सुमारास पुण्याहून वैभव आला, शिवप्रकाशचा धाकटा भाऊ. येताना गाडी ठरवूनच आला होता. तिकडं एका ठिकाणी अशा पेशंटकडून रोज व्यायाम करून घेतात, बोलायला शिकवतात, म्हणाला. सुरुवातीचे महिने फार मोलाचे असतात, उशीर करून चालणार नाही. वैभव वाईट नाही. पुण्यात राहून माणसाला घाईची सवय लागते, इतकंच. महेश्वरी म्हणाली, "मी त्यांना इचारते." सगळ्यांसमोर टॉवेल टाकला, विचारलं, थांबली.

"दोन बोटं. येत न्हाई म्हनलेत."

"वहिनी, दादाला काही कळत नाही. कशाला स्वतःची फसवणूक करून घेता?"

"तुमाला कळत न्हाई. तुमाला कदी त्यांनी बोटं दिली व्हती का?"

वैभवनं माझ्याकडं बघितलं. मी लेसचं बंडल गुंडाळत बसले. तो गाडी घेऊन रिकामा परत गेला, आणि त्यानंतर फोनवर फक्त आईशी बोलायचा.

मग आलं ते दोन तोंडांचं कापड. बाजारात त्याला डबल फेस म्हणतात. भिवंडीच्या एका व्यापाऱ्यानं थान पाठवलं होतं, बघा म्हणून. एका अंगानं रामा हिरवं, दुसऱ्या अंगानं हळदी पिवळं, आणि दोन्ही अंगं सारखीच तयार. उलट बाजू म्हणून नाहीच. मी म्हटलं, "दुतोंडी माणसाशी गाठ पडली की डोकं उठतं, कापड बरंय बाई." बऱ्याच दिवसांनी ती मोठ्यानं हसली. त्या सकाळी तिनं त्याची दाढी स्वतः केली होती, विभूतीचे पट्टे नीट ओढले होते. व्हिडिओ लांबलचक करायचा होता, कारण बायकांचे प्रश्न सारखे येत होते.

ती खाटेच्या कडेला बसली आणि सुरू झाली. "हे बगा, साध्या कापडाला एक तोंड आन एक पाठ आसती. पडदा लावला तर घरातल्याला तोंड आन रस्त्यावरल्याला पाठ. ह्याला पाठच न्हाई. दोन खोल्यांच्या मधी लावा, दोन्हीकडून सरळ. उशीचे अभ्रे करा, कटाळा आला की उलटून घाला. जाकीट शिवायचं आसलं तर टेलरला आधीच सांगा, शिवण आतून दाबून झाका, न्हाईतर उलटं घातलं की टाके दिसतेत." मग सुईनं एका कोपऱ्यात दोन पदर अलग केले आणि त्यांना बांधणारे बारीक धागे दाखवले. "हे धागे दिसायलेत का? म्हनजे विणलेलं हाय. बाजारात चिकटवलेलं बी येतं. ते वरून आसंच दिसतं, पन दोनदा धुतलं की फोड येतेत. घेताना कोपरा सोडवून बगा, लाजू नका. हाताला जड हाय, उन्हाळ्यात अंगात घालायच्या भानगडीत पडू नका. पडद्याला लय चांगलं."

इतकं बोलून तिनं कापड दोघांच्या हातांवर टाकलं, हिरवी बाजू वर. मी वरून घेतलं. मग ती म्हणाली, "अक्का, खालून बी घ्या. पिवळी बाजू दिसली पायजे, न्हाईतर दोन तोंडं दाखविली कशी?"

मी खाटेशेजारी जमिनीवर बसले, गुडघे कुरकुरले, फोन कापडाखाली धरला आणि वर बघून पिवळा रंग नीट येतोय का ते बघत राहिले. खिडकीतून ऊन येत होतं आणि हळदी रंग छान उजळला होता. माझं सगळं लक्ष तिकडं. वरून तिचा आवाज आला, "चार! चार बोटं दिली ह्यांनी."

व्हिडिओची नको ती टोकं कापायचं काम तिचं. ती फोन घेऊन दारातल्या उजेडात बसली. मी पाणी पीत होते. बराच वेळ तिनं काही कापलंच नाही. मला वाटलं, आवाज नीट आला नसेल. मी मागून डोकावले.

फोनच्या पडद्यावर पिवळं कापड होतं आणि त्याखाली दोन हात. त्याचा डावा हात अर्धवट उघडा, शांत पडलेला. मग तिचा हात पुढं सरकला. तिनं स्वतःच आपली चार बोटं जुळवली, अंगठा बाहेर ठेवला आणि ती बोटं त्याच्या मुठीत सारली. मूठ मिटली. आणि वरून आवाज, "चार!"

तिनं ते मागं घेऊन पुन्हा पाहिलं. पुन्हा पाहिलं.

"अक्का," ती म्हणाली, "हे मी करायलेय का?"

तिनं हे मुद्दाम केलं नव्हतं, हे मी कुठल्याही देवाची शपथ घेऊन सांगेन. ती खरोखर विचारायची, खरोखर वाट बघायची, आणि तिचा हात तिला न विचारता उत्तर देऊन मोकळा व्हायचा. आता चूक म्हणायचं, तर कुणाची म्हणायची?

ती उठली. खाटेजवळ गेली, कापड पुन्हा दोघांच्या हातांवर टाकलं, मग काढूनच टाकलं. लग्नानंतर पहिल्यांदाच असेल, उघड्यावर तिनं आपला हात त्याच्या हाताखाली ठेवला. तळहात वर, बोटं पसरलेली, हलवायची नाहीत असं ठरवून. "अहो," ती म्हणाली, "मी काईच करत न्हाई आता. तुमीच धरा. किती बी धरा. एक धरा."

आम्ही थांबलो. बाहेर कुणीतरी रिक्षावाल्याशी भांडत होतं. तिनं दुसऱ्या हातानं आपलं मनगट दाबून धरलं. त्याचा हात तिच्या तळव्यावर पडून होता, कोमट, जड. डोळे छताकडे.

"अहो, करंगळी धरा. चहाची करंगळी. तुमाला ठाऊक हाय की. धरा ना!"

काहीच झालं नाही.

मग तिनं एक बोट त्याच्या मुठीत दिलं. मूठ मिटली. काढून दोन दिली. मिटली. पाचही दिली. मिटली. शेवटी अंगठा दिला, तोही त्यानं धरला. जे द्याल ते तो धरत होता. महेश्वरी वेड्यासारखी बोटं बदलत राहिली, एक, तीन, दोन, पुन्हा एक, आणि प्रत्येक वेळी मूठ तशीच अलगद मिटत राहिली. मी तिचा हात ओढून काढला. "बास कर," मी ओरडले. मला राग आला होता. तिचा नाही, त्याचा नाही. कुणाचा ते मला अजून कळलेलं नाही.

ती खाली फरशीवर बसली. रडली नाही. रडली असती तर मी चार शब्द बोलले असते, पाठीवर हात फिरवला असता. ती हळूहळू एकेक गोष्ट आठवत गेली.

"पेज पातळ करा म्हनले व्हते."

"हां."

"पंखा नको म्हनले. सगळा उकाडा तसाच काढला त्यांनी."

मी पाण्याचा पेला तिच्यापुढं सरकवला.

"अक्का, मंग पुन्याला येत न्हाई आसं कोन म्हनलं?"

याचं उत्तर तिच्यापाशीही होतं आणि माझ्यापाशीही. गाडी दारात उभी होती, भाऊ हात जोडत होता आणि मोलाचे महिने चालले होते. "तिकडं नेऊनबी काय झालं आसतं, कुनास ठाऊक," मी म्हटलं. हे समजूत काढणं होतं, दोघींनाही माहीत होतं. कदाचित काही झालं नसतं. कदाचित आज तो एखादा शब्द बोलला असता. कदाचित आतल्या आत तो सगळं ऐकत असेल, आणि त्याच्या नावानं बायकोच उत्तरं देते हे मुकाट बघत असेल. हा तिसरा विचार मी तिला सांगितला नाही. पण तो तिच्या मनात आलाच असणार, कारण ती एकाएकी उठून त्याच्या कानाशी गेली आणि त्याचं तोंड दोन्ही हातांत धरून, "माफ करा, माफ करा," असं कितीतरी वेळ पुटपुटत राहिली. त्याची पापणी हलली. पण पापण्या त्याच्या तशाही हलायच्या.

मी व्हिडिओ पुसायला फोन मागितला. तिनं दिला नाही. कापडाची घडी घातली, हिरवी बाजू वर की पिवळी, हे न बघता, आणि मागच्या कपाटात ठेवून दिली.

दिवेलागण झाली. आतून चन्नबसम्मा भिंतीला धरत आली, नव्यानं विभूती लावलेली, हातात निरांजन. लेकाच्या उशाशी ते ठेवलं, त्याच्या कपाळावरून हात फिरवला आणि पाटावर बसली. सुनेचा चेहरा तिला अंधारात दिसला नसावा.

"आज किती बोटं दिली गं?"

महेश्वरीनं माझ्याकडं बघितलं. मी दुकानाच्या किल्ल्या शोधायला लागले. म्हातारी वाट बघत होती. चार म्हणणं सोपं होतं, रोजच म्हटलेलं होतं, आणि म्हातारीचं जेवण त्या आकड्यावर अडलं होतं.

"आज इचारलंच न्हाई, आत्या," ती म्हणाली.

खरं तर त्या दिवशीच तिनं त्याला पहिल्यांदा विचारलं होतं.